‘पाणी’ म्हणा

मी ज्या मराठीत हे लिहिते आहे, ती मला माझ्या सासऱ्यांनी शिकवली. त्याबद्दल मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत आणि आजही मानत नाही.

ते शाळामास्तर. गोदाकाठच्या चार-पाच गावांत मास्तरकी करून, शेवटी हेडमास्तर होऊन पेन्शनीत निघाले आणि पुणतांब्याला घर करून राहिले. माझे यजमान तिथल्याच स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होते. सगळा गाव सासऱ्यांना गुरुजी म्हणायचा, मी मामंजी म्हणत असे. मी तिसगावकडच्या एका खेड्यातली. पंधराव्या वर्षी लग्न होऊन आले, तेव्हा महायुद्ध सुरू होऊन वर्ष झालं होतं. सोयरीक सासूबाईंनी जमवली होती आणि त्या सहा महिन्यांतच गेल्या. मग घरात तिघंच उरलो.

लग्नानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी ओट्यावर पाहुणे बसले होते. मी मामंजींना चहा नेऊन दिला आणि म्हणाले, “घ्या, गरम हाय.”

त्यांनी कप खाली ठेवला. “काय आहे?”

मला वाटलं, ऐकू आलं नाही. “गरम हाय,” मी मोठ्याने म्हणाले.

“आहे. म्हण. गरम आहे.”

“गरम हाये.”

“हाये नव्हे. आ. हे.”

पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. मी बारा-पंधरा वेळा म्हटलं. घशाला कोरड पडली की जीभ आणखीच जुन्या वळणावर जाते. शेवटी एकदाचं नीट निघालं, तेव्हा त्यांनी कपाला बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, “आता तो गरम नाही. दुसरा आण.”

त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला एक पाटी टांगली. दिवसभरात माझ्या तोंडून निघालेले चुकीचे शब्द संध्याकाळी त्या पाटीवर यायचे: पानी, कोन, लोनी, आमी, लई. चूल आवरून झाली की मी ते शुद्ध करून पंचवीस-पंचवीस वेळा लिहायचे. मी तिसरीपर्यंत शिकले होते, म्हणून लिहिता येत होतं. येत नसतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटायचं. हळूहळू मी त्या घरात बोलणंच कमी केलं. मान हलवायची, नाहीतर ‘हो’ म्हणायचं. ‘हो’मध्ये चुकायला काही जागा नव्हती.

हे मी गिळलं असतं. पण पहिल्या दिवाळीला माझे वडील मला न्यायला आले. तिसगावहून नगरपर्यंत बैलगाडीने, पुढे रेल्वेने. सोबत बाजरीचं गाठोडं आणि शेंगा. जेवायला पंगत बसली. वडील संकोची माणूस. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते म्हणाले, “पोरगी सुखात हाय न्हवं, गुरुजी?”

मामंजींनी घास खाली ठेवला. “आहे ना. सुखात आहे ना, असं म्हणावं.”

माझ्या वडिलांचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होतं. गावात चार माणसं त्यांना विचारून कामं करायची. ते ताटाकडे पाहत बसले. मग अगदी हळू म्हणाले, “आहे ना.” त्यानंतर त्या घरात दोन दिवस ते एक शब्द बोलले नाहीत. ओट्यावर पागोटं मांडीवर घेऊन बसायचे, काही विचारलं तर मान हलवायचे. मला घेऊन गेले आणि माघारी पोचवायला माझ्या भावाला पाठवलं. पुढे ते पुणतांब्याला कधी आले नाहीत. दीड वर्षाने वारले.

एवढं कळलं म्हणजे पुढचं कळेल.

मला पुण्यतिथी-श्राद्धाच्या तारखा लक्षात राहतात, पण मामंजींचे शब्द पहिल्यांदा कधी अडखळले ते सांगता येत नाही. सरकारी रॉकेल कूपनावर मिळत होतं, त्या सुमाराला. ते रोज सकाळी ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि पाच-सहा माणसं ऐकायला यायची. एक दिवस ते मला म्हणाले, “सूनबाई, माझा तो आण.”

“कोणता?”

“तो. ज्याने लिहितात तो.”

“टाक?”

“तेच म्हटलं मी,” ते खेकसले.

त्यांनी तसं म्हटलं नव्हतं. मी टाक दिला आणि आत येऊन चुलीपाशी बसून हसले. खोटं कशाला सांगू? मनापासून हसले. पाच वर्षांत त्या घरात मला एवढं हसू आलं नव्हतं.

मग ते वरचेवर व्हायला लागलं. वस्तू समोर असायची, काय करायचं तेही त्यांना ठाऊक असायचं, पण तिचं नाव सापडायचं नाही. ते जागच्या जागी हात हलवत राहायचे, जसं काही नाव हवेत टांगलेलं आहे आणि हाताला लागत नाही. आणि राग माझ्यावर. एकदा अडकित्ता हातात धरून माझ्यापुढे उभे राहिले. “याचं नाव कुठे ठेवलंस?”

“मी नाही ठेवलं कुठे.”

“तूच घेतलंस. काल होतं. तू आल्यापासून या घरातले शब्द नाहीसे होताहेत.”

मी म्हणाले, “पाटीवर लिहून ठेवायचे होते, मामंजी.” माझ्या प्रत्येक अक्षराचा उच्चार तेव्हा शुद्ध होता.

पुढे शब्द नुसतेच हरवत नव्हते, एकाच्या जागी दुसरा यायला लागला. एक दिवस जेवताना ते म्हणाले, “आणखी एक छत्री वाढ.”

त्यांना भाकरी हवी होती. मला ते कळलं होतं. दोन वर्षांच्या पोराला कळलं असतं. मी हात धुतले, बाहेर गेले, खुंटीवरची त्यांची काळी छत्री आणली आणि त्यांच्या ताटात आडवी ठेवली, आमटीत बुडवून.

ते छत्रीकडे पाहत राहिले. “हे काय?”

“छत्री. तुम्ही मागितलीत.”

“छत्री नाही मागितली! मी... छत्री! छत्री मागितली मी!” ते भाकरीच्या दुरडीकडे बोट दाखवून ओरडत होते आणि तोंडातून तोच शब्द पुन्हा पुन्हा बाहेर पडत होता. तो चुकीचा आहे हे त्यांना ऐकू येत होतं. ते मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांनी ताट उलटं केलं. यजमान घरी आले तेव्हा मी सारवण करत होते. त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, हात लागून सांडलं.

यजमानांना हे आजारपण वाटतच नव्हतं. “आबा मुद्दाम करतात,” ते म्हणायचे. कधी म्हणायचे, “तू नीट बोलत नाहीस त्यांच्याशी, म्हणून.” त्यांनी मामंजींना नगरला एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने डोळे पाहिले, जीभ पाहिली, गुडघ्यावर ठोकून पाहिलं आणि म्हातारचळ म्हणून सांगितलं. गावातल्या वैद्यांनी वात म्हणून काढे दिले. त्या काळी याहून जास्त कुणाला माहीत नव्हतं.

गावाला कळलं ते शाळेच्या एका बक्षीस समारंभात. मामंजींचे एक जुने विद्यार्थी आग्रहाने बोलवायला आले. यजमान नको म्हणाले, मामंजींनी ऐकलं नाही. कोट-पागोटं घालून गेले. बायकांच्या बाजूला मीही होते. ते उभे राहिले, सगळी पोरं उभी राहिली. मामंजी म्हणाले, “बसा.” पोरं बसली. मग बराच वेळ गेला. मामंजींचे ओठ हलत होते. “उभे राहा,” ते म्हणाले. पोरं उठली. “बसा.” बसली. “उभे राहा.” तिसऱ्या खेपेला मागच्या रांगेत खसखस पिकली आणि चौथ्या खेपेला मोठी माणसंही हसली. मामंजींनी गळ्यातला हार तोडला आणि पुढच्या रांगेतल्या माणसावर भिरकावला. तोंडातून शिव्या निघाल्या, आणि त्या एकाही जागी न अडखळता निघाल्या. शब्द जात होते, शिव्या शाबूत होत्या.

मी हसले नाही. पण मला वाईटही वाटलं नाही. माझे वडील तिथे असते तर बरं झालं असतं, एवढंच मनात आलं.

त्या दिवसापासून यजमानांनी त्यांना बाहेर जाऊ देणं बंद केलं. बाहेरच्या दाराला दिवसा कडी. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घरात फक्त ते आणि मी. ते मला शिव्या द्यायचे, मी त्यांचं करायची: अंघोळ, जेवण, धोतर बदलणं. हात चालायचे, मन दगडासारखं.

चैत्रातली एक दुपार. ते माठापाशी गेले, माठाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. पेला फळीवर उंच होता.

“काय हवं?” मी विचारलं.

“ते.”

“ते म्हणजे?”

“गार. ते गार.”

मी पेला काढला, भरला आणि हातात धरून उभी राहिले. “शब्द म्हणा. मग देते.”

त्यांनी हात पुढे केला. मी पेला मागे घेतला. “पाणी म्हणा, मामंजी. ण. पाणी.”

किती वेळ तसं चाललं ते मला सांगवत नाही. स्टेशनात एक गाडी आली आणि गेली, एवढं आठवतं. त्यांचा घसा वरखाली होत होता, ओठ सुकून पांढरे झाले होते. मी पेला खाली ठेवला नाही. मग ते भिंतीला टेकून खाली बसले, आणि मी कधीच न ऐकलेल्या आवाजात, बारीक, लहान मुलाच्या आवाजात म्हणाले, “पानी दी की गं आये. लई तान लागली.”

माझ्या हातून अर्धं पाणी सांडलं.

तो ‘न’ माझा होता. तो ‘लई’ माझा होता. आमच्या गावची पोरं आईला अशीच हाक मारतात. मी उरलेलं पाणी त्यांना पाजलं. दुसरा पेला भरून दिला. ते पिऊन त्यांनी तोंड पुसलं आणि विचारलं, “शेरडं आली का गं?”

“कुणाची शेरडं?”

“आपली. वस्तीवरची.” आणि त्यांनी तिसगावपलीकडच्या, डोंगराकडच्या एका वस्तीचं नाव घेतलं. माझ्या माहेरापासून दोन कोसांवरची ती वस्ती.

रात्री यजमानांना विचारलं. ते म्हणाले, आबांचं मूळ गाव सुटलं, ते लहानपणीच पुण्याला शिकायला गेले, एवढंच माहीत आहे. गावाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही आणि विचारायची सोय नव्हती. मी माझ्या भावाला पत्र टाकलं. वीस दिवसांनी भाऊ एका म्हातारीला घेऊनच दारात उभा राहिला. ती मामंजींची धाकटी बहीण होती.

मला वाटलं होतं, भाऊ-बहीण गळ्यात पडून रडतील. तसं काही झालं नाही. आत्याबाईंनी उंबऱ्यातच चपला काढल्या, आत आल्या, मामंजींच्या समोर फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, “वळखलं का रं मला?”

मामंजी हसले.

“हसू नगं. आय मेली तवा का आला न्हाईस?”

मामंजी हसतच होते. त्यांना तो आवाज ऐकून बरं वाटत असावं. त्यांनी बहिणीच्या लुगड्याचा काठ चिमटीत धरला. तिने तो ओढून घेतला.

“चार दिस वाट बघितली आमी. सांगावा धाडला हुता. बोल की. लई बोलायचास तू.”

चार दिवस ती राहिली आणि चारही दिवस भांडली. मी पोळ्या लाटताना ऐकत असे. तिसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं. मामंजी दहाव्या वर्षी पुण्याला एका ओळखीच्या घरी राहून शिकायला गेले. पहिल्या सुट्टीत आले ते रडत. तिथे मास्तरांनी बाकावर उभं करून त्यांना बोलायला लावलं होतं आणि सगळी पोरं हसली होती.

“रडला माज्या मांडीवर डोकं ठिवून,” आत्याबाई म्हणाल्या. “आन चार वर्सांनी आला तवा? आय दारात आली, म्हनली, ‘भूक लागली आसंल लेकरा.’ तर ह्यो म्हनतो, ‘असेल. असेल म्हण.’ दोन महिने हुता. आय तेवढे दिस तोंडाला पदर लावून बोलायची. पोराची लाज वाटाया लागली तिला. का पोराला तिची, कुनाला ठावं.”

लोक सांगतात, माणसाचं दुःख कळलं की राग जातो. माझा वाढला. बाकावर उभं राहिल्यावर काय होतं ते या माणसाला ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने आपल्या आईला उभं केलं, माझ्या वडिलांना उभं केलं, मला केलं. मी हे आत्याबाईंना बोलून दाखवलं, त्यांच्याच बोलीत. त्या घरात सहा-सात वर्षांनी मी पहिल्यांदा मोठ्याने तशी बोलले. त्या म्हणाल्या, “व्हय. म्या तरी दुसरं काय म्हनतीया?”

जाताना त्या भावापाशी थांबल्या. “चाळीस वर्सं भांडान साठवून ठिवलं हुतं,” त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आन ह्यो भांडायला बी उरला न्हाई.” त्यांच्या तोंडावर चीड होती. रडू असलं तरी त्यांनी ते मला दिसू दिलं नाही.

त्यानंतर मी मामंजींशी माहेरच्या बोलीतच बोलायला लागले. माया म्हणून नव्हे. काम सोपं व्हायचं म्हणून. ‘तोंड उघडा’ म्हटलं तर ते दात आवळायचे. ‘आ कर की रं’ म्हटलं की घास घ्यायचे. मला ते आये म्हणायचे. मला ते आवडत नव्हतं, पण मी ओ द्यायची. यजमानांनी एकदा ऐकलं आणि संतापले.

“तू त्यांना आणखी बिघडवते आहेस. ते कोण आहेत ते तरी लक्षात घे.”

“ते कोन हायेत त्ये आता मलाच ठावं हाय,” मी म्हणाले. “तुमी दिसभर घरी ऱ्हावा, आन तुमच्या मराठीत जेवू घाला.”

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी त्यांच्या हातात ताट दिलं आणि अंगणात जाऊन बसले. अर्ध्या तासाने ते ताट जसंच्या तसं घेऊन बाहेर आले. माझ्यापुढे धरलं. पुन्हा त्यांनी माझ्या बोलीला हरकत घेतली नाही.

मग ती बोलीही गेली. आधी शेरडं गेली, मग आये गेली. मध्येच कधी पाढे यायचे, बे एके बेपासून बे दाहे वीसपर्यंत घडाघडा, आणि पुन्हा गप्प. शेवटच्या दोन महिन्यांत एकच शब्द राहिला: न्हाई. भूक लागली तरी न्हाई, पोट भरलं तरी न्हाई, दुखलं तरी न्हाई. कोणता न्हाई कशाचा, हे मला सुरावरून कळायचं. यजमानांना कळायचं नाही आणि ते चिडायचे, आधी त्यांच्यावर, मग माझ्यावर.

ते गेले तेव्हा सकाळची वेळ होती आणि आम्ही दोघंही जवळ होतो. यजमानांनी चमच्याने गंगाजल ओठांना लावलं. मामंजींनी मान फिरवली, स्पष्ट म्हणाले, “न्हाई,” आणि थोड्या वेळाने श्वास थांबला.

दहाव्याला नदीवर गाव लोटलं. जुने विद्यार्थी आले, शिक्षक आले. गुरुजींची वाणी, गुरुजींची शुद्ध भाषा, यावर तीन जण बोलले. ज्यांनी त्या समारंभात हसून घेतलं होतं तेही डोळे पुसत होते. मग यजमान उभे राहिले आणि म्हणाले, “आबांनी शेवटच्या क्षणी ‘नारायण’ म्हटलं.” लोकांनी हात जोडले.

घरी आल्यावर मी म्हणाले, “ते ‘नारायण’ म्हणाले नाहीत.”

“मला ठाऊक आहे काय म्हणाले ते. मी होतो तिथे.”

“मग खोटं का सांगितलंत?”

“मग काय सांगायचं होतं? न्हाई म्हणाले, हे सांगायचं?” ते ओरडले. इतक्या मोठ्याने मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “तुला वाटतं तुझ्या एकटीच्याच तोंडात त्यांनी बोट घातलं? मी त्यांच्यासमोर सबंध आयुष्यात एक वाक्य शेवटपर्यंत बोललेलो नाही. मध्येच अडवायचे. म्हणून मालधक्क्यावर नोकरी धरली. पोत्यांशी बोलावं लागत नाही.”

आठ वर्षं या माणसाचा संसार केला होता आणि हे मला माहीत नव्हतं. तो कमी बोलतो तो शिष्टपणाने, असंच मी धरून चालले होते. मला त्याची कीवही आली आणि रागही आला, कारण एवढं माहीत असून, माझ्या वडिलांच्या पंगतीत तोही मान खाली घालून भात कालवत बसला होता. तेही मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “हो. बसलो होतो.”

पुढचा महिनाभर आम्ही कामापुरतंच बोललो. वर्षश्राद्ध झालं तसा त्यांनी बदलीचा अर्ज केला आणि आम्ही दौंडला गेलो. तिथे रेल्वेच्या चाळीत आजूबाजूला दहा गावांची दहा प्रकारची माणसं होती आणि कुणी कुणाचं बोलणं दुरुस्त करत नव्हतं. यजमान तिथे जरा मोकळे झाले. जेवताना एखादी गोष्ट सांगायला लागले, अडखळत, पण शेवटपर्यंत. मी मध्ये बोलत नसे.